आधी घालून दाखवा, मग काढून

वन्संच्या दुकानात कपडा दुरुस्तीला टाकायचा असेल तर माणसाने हाताशी वेळ ठेवून जावं. पॅंट आखूड करायची किंवा चेन बदलायची एवढंच असेल तर त्या टाचणी मारतात, चिठ्ठी लावतात आणि "परवा या" म्हणून मोकळ्या होतात. पण कुणी त्यांनी कधी न पाहिलेला कपडा घेऊन आलं की संपलं. वन्सं कपाळावरचा चष्मा नाकावर आणतात, मशीनवरून उठतात आणि म्हणतात, "आधी घालून दाखवा." गिऱ्हाईक बिचारं अंगातल्या कपड्यांवरूनच घालून दाखवतं. "आता काढून दाखवा." तेही होतं. "आता परत, सावकाश. डावा हात आधी का घातलात?" इथे भलेभले गडबडतात. आपण डावा हात आधी का घालतो याचं उत्तर तयार ठेवून कोण घराबाहेर पडतं?

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. वय बासष्ट, उंची बेताची, जीभ तिखट, आणि चाळीस वर्षं मशीनवर वाकून मान एका बाजूला किंचित कललेली. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणतात, "आलेली स्थळं मापात बसली नाहीत, आणि दुरुस्ती करून घ्यायला कुणी तयार नव्हतं." दुकान आठ बाय दहाचं. एक मशीन, एक ओव्हरलॉक, इस्त्रीचं टेबल आणि माणूस पायापासून गुडघ्यापर्यंतच दिसेल असा बुटका आरसा. विद्यापीठात शिकायला आलेल्या परदेशी मुलामुलींचं वसतिगृह मागच्याच गल्लीत आहे, त्यामुळे जगाच्या पाठीवरचा कुठलाही उसवलेला कपडा आधी वन्संच्या टेबलावर येतो.

आणि त्या दुकानाची डावी भिंत. तिच्यावर खिळे ठोकलेत, आणि प्रत्येक खिळ्याला खाकी कागदाचे कातरलेले तुकडे दोऱ्यात ओवून टांगलेत. नवा कपडा हातात आला की वन्सं त्याचा चतकोर मापाचा कागदी नमुना कापून ठेवतात. मालकाची परवानगी घेऊन, हे महत्त्वाचं. वर पेन्सिलीने दोन शब्द: 'थंडीचा, काढताना खांदा आधी', 'पावसाचा, शिवण एकच', असलं काहीतरी. दोनशे-अडीचशे नमुने असतील. झाडायला मी लागायची, म्हणून मला आकडा माहीत.

हे वेड लागलं कसं, तर एका चुकीतून. पंचवीस वर्षांपूर्वी एक परदेशी बाई विणलेली जाड शाल घेऊन आली. मधोमध फाटलेली. वन्संनी ती अशी रफू केली की फाटलं कुठे होतं ते शोधून सापडू नये. मग त्यांच्या लक्षात आलं, काठावरच्या नक्षीची रेघ एका कोपऱ्यात तुटलेली आहे. वन्संना वाटलं, हेही भरून देऊ, बाई खूश होईल. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. बाईने शाल उलगडली, कोपरा पाहिला आणि मटकन स्टुलावर बसली. मोडक्यातोडक्या बोलण्यात तिने सांगितलं की ती चूक नव्हती, ती वाट होती. विणणारीचं मन विणीत अडकून पडू नये, म्हणून तिच्याकडे काठात एक वाट मुद्दाम सोडतात. तिच्या आजीने सोडलेली वाट वन्संनी बुजवली होती.

वन्संनी टाका टाका उसवून ती पुन्हा मोकळी केली. दोन दिवस लागले. पुढे मला म्हणाल्या, "अगं, मी इतकं चांगलं शिवलं, आणि तेच चुकलं. मला हातातलं कापड कळलं, ते कशासाठी आहे ते कळलंच नाही." तेव्हापासून विचारल्याशिवाय त्या टाका घालत नाहीत.

मला मात्र हे सगळं रिकामटेकडेपणाचं वाटायचं. खोटं कशाला बोलू? ज्या बाईने कामाच्या निमित्ताने दुकान आणि झोपायच्या निमित्ताने घर एवढाच प्रवास केला, तिला कुठल्याशा वाळवंटातल्या माणसाच्या झग्याला खिसा का नसतो याची पंचाईत कशाला? मी तोंडावर सांगायची, "वन्सं, नसत्या चौकश्या. आपण बरं, आपलं काम बरं." त्या म्हणायच्या, "खिसा नसतो कारण तो वस्तू गळ्यात अडकवतो, वहिनी. दोन्ही हात मोकळे." जसं काही मी विचारलंच होतं.

सात महिन्यांपूर्वी माझा नवरा बस स्थानकाच्या जिन्यावरून घसरला. पडताना उजव्या हाताने कठडा धरला, अंग खाली गेलं, हात वर राहिला, आणि खांद्यातल्या नसा तुटल्या. हाडं शाबूत, पण हात गेला तो गेलाच. खांद्याला नुसता लटकतो.

नवरा बस स्थानकावर घोषणा करतो. अमुक गाडी तमुक फलाटावर लागली आहे, प्रवाशांनी घाई करू नये, हा आवाज त्याचा. सव्वीस वर्षं. गावातली मुलं त्याची नक्कल करत मोठी झाली. या कामाला एक हात पुरतो, बटण दाबायचं आणि बोलायचं. डॉक्टर म्हणाले, जा. आगारप्रमुख म्हणाले, या. अडलं ते शर्टापाशी.

रोज मी त्याला कपडे घालायची. मेलेला हात बाहीत घालायचा, शर्ट पाठीमागून फिरवायचा, दुसरा हात, मग गळ्यापासून खाली सात बटणं. तो भिंतीकडे बघत उभा राहायचा. स्वतः करून बघितलं त्याने, नाही असं नाही. पंचवीस मिनिटं खोलीत झटापट चालायची, आणि बाहेर यायचा तो घामाने भिजलेला, शर्ट पाठीवर गोळा झालेला. एका सकाळी मी शेवटचं बटण लावत होते तेव्हा तो म्हणाला, "ज्याला स्वतःचा शर्ट घालता येत नाही, त्याने लोकांना कुठली गाडी कुठे लागली ते काय सांगायचं?" त्या दिवसापासून तो बनियनवरच राहिला. घराबाहेर जायचं बंद, कुणी आलं तर आतल्या खोलीत. गाणारा, नकला करणारा माझा नवरा, चार शब्दांवर आला.

मग आगाराचं पत्र आलं. महिनाअखेरपर्यंत रुजू व्हावं, अन्यथा घोषणांसाठी यंत्र बसवण्यात येईल. पत्र आलं तेव्हा महिन्याचे एकोणीस दिवस उरले होते. यंत्र एकदा बसलं की ते काढून माणूस कोण ठेवतो? ते काम गेलं तर माझा नवराही गेला, हे मला दिसत होतं. पोटापाण्याचं कसंही भागलं असतं. त्याचं बोलणं परत आणायला माझ्याकडे काही नव्हतं.

मी पत्र घेऊन वन्संकडे गेले. त्यांनी ते वाचलं, इस्त्रीच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "म्हणजे प्रश्न हाताचा नाही, शर्टाचा आहे. मग माझ्याकडे आधी का नाही आलीस?" मला रडू आवरेना, आणि रागही आवरेना.

पहिला शर्ट त्यांनी चेनचा केला. बाहेरून आगाराचा निळा युनिफॉर्म, आत चेन. चेन ओढायला एक हात पुरतो, पण तळाशी ती एकात एक अडकवायला दोन लागतात. नवऱ्याने दातात धरून प्रयत्न केला. मी तोंड फिरवलं.

दुसरा वेल्क्रोचा. तो लागायचा पटकन, पण कुठेही लागायचा, बाही छातीला, कॉलर पाठीला. त्यात नवरा जरा वाकला की चर्र करून उघडायचा. "मी माइकपाशी वाकलो की माझ्याआधी शर्टच घोषणा करील," नवरा म्हणाला. गंमत म्हणून नव्हे, कडवट. मग म्हणाला, "ताई, पुरे. यंत्र बसवू देत."

दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन मी सगळा राग वन्संवर काढला. म्हटलं, "पंचवीस वर्षं जगाच्या चौकश्या केल्यात. एवढ्या देशांचे कपडे भिंतीवर टांगलेत. त्यातला एक तरी कामाचा आहे का? आपल्या घरातल्या माणसाला एक शर्ट घालता येईना, आणि तुम्ही लष्कराच्या भाकऱ्या भाजताय."

बोलले आणि जीभ चावली. पण वन्सं चिडल्या नाहीत. त्या भिंतीकडे बघत राहिल्या, जणू ती आत्ताच कुणीतरी बांधली. "काखेत कळसा," एवढंच म्हणाल्या, आणि स्टूल ओढून वर चढल्या.

दुपारपर्यंत सगळे नमुने जमिनीवर आले. वन्संनी मला हाक मारून मापाच्या टेपने स्वतःचा उजवा हात कमरेला करकचून बांधून घेतला. मग एकेक नमुना उचलायचा, पेन्सिलीचं वाचायचं, डोळे मिटायचे आणि त्या माणसाने तो कपडा कसा काढला होता ते आठवायचं. एका हाताने काढता येणारे एकीकडे, बाकीचे दुसरीकडे. मी विचारलं, "घालायचा प्रश्न आहे ना, मग काढण्याचं काय बघताय?" म्हणाल्या, "घालताना माणूस शिकवल्यासारखं घालतो, गं. काढताना त्याचं लक्ष नसतं. मग कपडा कुठे सैल आहे ते कळतं."

एका हाताचे निघाले फक्त सहा. त्यातल्या दोहोंवर त्यांनी बोट ठेवलं.

एक होता उंच डोंगराळ मुलखातल्या एका विद्यार्थ्याच्या जाड कोटाचा. त्याला वसतिगृहातून बोलावणं गेलं. भला मोठा मुलगा, दारातून वाकून आत आला. त्याच्याकडे सकाळी गारठा आणि दुपारी ऊन, म्हणून उन्हात उजवी बाही उतरवून मोकळी सोडतात. कोट अंगातच, हात बाहेर. त्यासाठी मुंढा, म्हणजे बाही खांद्याला जोडतात ते भोक, जवळजवळ कमरेपर्यंत खोल. हात वर न उचलता आत जातो आणि बाहेर येतो. "हात वर न उचलता," वन्संनी माझ्याकडे बघून दोनदा म्हटलं. आणि त्या कोटाला बटणं नव्हती. कापडाचीच घट्ट गोल गाठ आणि तिच्यावर चढवायचा कापडी फासा. मुलगा म्हणाला, "माझा आजोबा एका हाताने लावतो. दुसऱ्या हातात घोडा असतो."

"घोडा नाही, घोड्याची दोरी," मी म्हटलं.

"आजोबाला विचारा," तो म्हणाला, "घोडाच असतो."

कितीतरी दिवसांनी मी हसले.

दुसरा नमुना समुद्रापलीकडच्या एका मुलीच्या झग्याचा. ती इथे इमारतींचे नकाशे काढायला शिकते. अंघोळीनंतर घालायचा सुती झगा, पुढून उघडा, एक पदर दुसऱ्यावर ओढून कडेला बांधायचा. मधोमध काही लावायचंच नाही. त्यातून वन्संना सुचलं की शर्टाची बटणं मधे असतात ती मुळात कुणी सांगितली? पदर मोठा करायचा आणि हाताला जिथे सोपं, तिथे नेऊन अडकवायचा.

तीन दिवस मशीन थांबलं नाही. बाहेरून बघाल तर आगाराचा निळा शर्ट, कॉलर, बिल्ला, मधोमध सात बटणांची रांग. बटणं नुसती शोभेची, कापडावर शिवून टाकलेली. खरं काम कडेला. दोन्ही मुंढे खोल, बगलेत तिरपा तुकडा घातलेला, पाठ जरा घेरदार. उजवा पदर पूर्ण डावीकडे येतो, आणि डाव्या बरगडीपाशी तीन गाठींवर तीन फासे. नवऱ्याचा चालता हात डावा, म्हणून सगळं डावीकडे.

नवरा दुकानात यायला तयार नव्हता, तेव्हा दुपारची गल्ली ओस पडलेली बघून मी त्याला शालीत गुंडाळून आणला. वन्संनी शर्ट इस्त्रीच्या टेबलावर पसरला आणि कसा घालायचा ते स्वतः एका हाताने करून दाखवलं. त्याने निर्जीव हात उचलून बाहीत सोडला. हात आपसूक आत गेला. मानेमागून कॉलर धरून शर्ट ओढला, डावा हात घातला, पदर घेतला. पहिला फासा. दुसरा. तिसऱ्याला जरा वेळ लागला. आरशात त्याला गुडघेच दिसत होते, म्हणून त्याने खाली बघितलं, आणि त्याचा चेहरा पडला.

"ताई, हा बायकांच्या बाजूने लागतो. उजवी बाजू वर. लोक हसतील."

वन्सं काही बोलणार एवढ्यात दारात ती झग्यावाली मुलगी उभी. पॅंट न्यायला आली होती. तिने नवऱ्याकडे बघितलं आणि तिचा रंगच उडाला. बोलावं की न बोलावं अशी चुळबुळ करत ती पावती चुरगळत राहिली. शेवटी खालच्या आवाजात वन्संना म्हणाली, "माफ करा. आमच्याकडे पदर असा, उजवा वर, फक्त... गेलेल्या माणसाला घालतात. जिवंत माणसाला डावा वर."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. मी असल्या गोष्टी मानते आणि मला त्याची लाज नाही. सात महिने ज्याच्यासाठी देव पाण्यात घातले, त्याच्या अंगावर हे? मी म्हटलं, "काढा तो आधी. आत्ताच्या आत्ता."

वन्संनी कपाळाला हात लावला. "सगळं विचारलं होतं गं मी हिला. बाजू तेवढी विचारायची राहिली." आणि मग, मला वाटलं होतं की त्या निदान आता तरी ओशाळतील, तर त्या स्टूल पुढे ओढून त्या मुलीला म्हणतात, "बस ना. उलटं का घालतात पण? त्याला वेगळा ओळखू यावा म्हणून, की त्याने परत येऊ नये म्हणून?" जित्याची खोड, दुसरं काय.

ती मुलगीही विचारात पडली. म्हणाली, "आजी म्हणायची, तिकडे सगळं इकडच्या उलट असतं."

तेवढ्यात आवाज आला. मला आधी कळलंच नाही कसला. नवरा हसत होता. आधी नाकातल्या नाकात, मग खांदे हलायला लागले, मग डोळ्यांतून पाणी. टेबलाला टेकून तो हसत राहिला, आणि त्या हसण्यात मला लग्नात मिळालेला माणूस मी पुन्हा बघितला. म्हणाला, "म्हणजे बायकांचा नाही हा, मेलेल्यांचा. मग चालेल."

"बायकांचा नको आणि मेलेल्यांचा चालतो?" मी म्हटलं.

"अगं, बायकांचा म्हटला तर आगारात रोज ऐकून घ्यावं लागेल. मेलेल्याला कोण काय बोलणार? शिवाय वेळ आली की तुमची धावपळ वाचेल." मग माइकवरचा आवाज काढला, सात महिन्यांनी पहिल्यांदा: "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं. खालच्या लोकांना उशीर आहे, वरची गाडी रद्द झाली आहे."

ती मुलगी तोंडावर हात ठेवून हसली. वन्सं हसल्या. मी रागावले होते, म्हणून सगळ्यात शेवटी हसले, पण सगळ्यात जास्त वेळ मीच हसले. जाताना मुलीने शर्टाची शिवण निरखून बघितली आणि वन्संना म्हणाली की दोन फळ्यांच्या दाराच्या कडा मधोमधच का मिळायला हव्यात, असा प्रश्न ती आता तिच्या सरांना विचारणार आहे.

महिना संपायला चार दिवस असताना नवरा रुजू झाला. त्या सकाळी तो शर्ट घेऊन खोलीत गेला आणि दार लोटलं. वन्सं मुद्दाम आल्या होत्या, मला धरून ठेवायला. नऊ मिनिटं लागली. बाहेर आला तेव्हा केस विंचरलेले, पदर सरळ, तिन्ही फासे जागेवर. "निघतो," म्हणाला, रोज म्हणत असल्यासारखा. आगारप्रमुखांनी बिल्ला बघितला, बटणं मोजली असतील तर सात भरली असतील, आणि त्याला त्याच्या खोलीची किल्ली दिली.

आम्ही दोघी नंतर स्थानकावर गेलो. भाजी आणायची म्हणून गेलो, आणि भाजी न घेता बाकावर बसून राहिलो. फलाट चारवर गाडी लागली असं तो सांगत होता, आणि मला ते सगळ्या गावाला ओरडून सांगावंसं वाटत होतं की हा माझा नवरा आहे. शेवटी तेवढं वन्संना सांगितलं. म्हटलं, "वन्सं, चौकश्या नसत्या नव्हत्या." त्या म्हणाल्या, "काही होत्या. पण आधी कळत नाही ना, कुठल्या ते." मी त्यांचा हात हातात घेतला. सुईने टोचून टोचून बोटांची टोकं खडबडीत झालेली. एवढ्या वर्षांत तो हात मी पहिल्यांदाच धरत होते.

संध्याकाळी नवरा दमून घरी आला. चपला काढल्या, पाणी प्यायला आणि खोलीकडे वळला. सवयीने मी हातातलं काम टाकून उठले, त्याच्या मागे गेले, आणि हात गळ्याच्या बटणाकडे नेला. शोभेचं बटण ते, त्याला उघडायला काय असणार?

नवऱ्याने माझा हात अलगद बाजूला केला. "तू बस," तो म्हणाला, आणि दार लोटून घेतलं.

मी बसले.